अतिशय लवकरच

भोंग्याचं खरं नाव क्लबात कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नव्हतं. आठवडाभर तो बस डेपोत माइकवर गाड्या पुकारायचा आणि सुटीच्या दिवशी फुटबॉल क्लबाच्या मैदानावर खेळाडूंची नावं पुकारायचा. अशा माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? त्याची बायको तर सांगायची की लग्नाचं विचारतानाही यानं आधी घसा खाकरला आणि "कृपया लक्ष द्या" म्हणाला. ही शुद्ध थाप होती, पण भोंग्यानं ती कधी खोडून काढली नाही.

त्याला अभिमान होता तो एकाच गोष्टीचा. माइकवरून आपण जे बोललो ते खरं निघालं पाहिजे. गाडीला उशीर झाला की तो आधी ड्रायव्हरला फोन करायचा, गाडी नेमकी कुठे आहे ते विचारायचा आणि मगच माइकचं बटण दाबायचा. अंदाजपंचे काही सांगायचं नाही, ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणायचं. त्यामुळे तो "वीस मिनिटं" म्हणाला की प्रवासी निर्धास्तपणे सामान ठेवून चहा प्यायला जायचे आणि परत येईपर्यंत गाडी लागलेली असायची. डेपोतल्या इतर कुणाच्या शब्दावर कुणी चहाचा घोटसुद्धा घेत नसे.

आणि नेमक्या अशा माणसाच्या गळ्यात ती नोटीस पडली.

क्लबाच्या स्टेडियमचा पुनर्विकास होणार असं जाहीर झालं, तेव्हा मैदानाच्या कडेला पत्र्याचं कुंपण उभं राहिलं आणि त्यावर नव्या स्टेडियमचं भलंमोठं चित्र लागलं. चित्रात काचेच्या भिंती होत्या, लिफ्ट होत्या, फुगे घेऊन हिंडणारी हसरी कुटुंबं होती. मग खोदाईचं मशीन आलं, दक्षिणेच्या गोलामागे एक खड्डा खणून निघून गेलं. पुढे परवानगी अडली. परवानगी आली तर कंत्राटदार पळाला. कंत्राटदार मिळाला तर नकाशा बदलला, आणि नकाशा बदलला म्हणून परवानगी पुन्हा नव्यानं. भिजत घोंगडं म्हणतात ते असं. चित्रातली हसरी कुटुंबं उन्हानं निळी पडली. खड्ड्यात पाणी साचून तिथे बदकं राहायला आली. सगळ्या योजनेत हक्काची जागा मिळाली ती त्यांनाच.

तेव्हापासून प्रत्येक सामन्याच्या मध्यंतरात भोंग्याला एक कागद वाचायला लागायचा. "प्रेक्षकांना नम्र विनंती. स्टेडियमच्या पुनर्विकासाचं काम लवकरच सुरू होत आहे. तोवर होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्लब दिलगीर आहे." पहिल्या मोसमात लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या मोसमात ते आपापसात बोलत राहिले. तिसऱ्या मोसमात शिट्ट्या सुरू झाल्या, आणि मग एक दिवस त्याच्या ताईनं डोकं चालवलं.

ताई म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण. आयुष्यभर शाळांचे गणवेश शिवून, शिलाई मशीनचं पायडल मारून तिनं गुडघ्यांची वाट लावली होती. तरी दर सामन्याला ती पूर्व गॅलरीच्या सगळ्यात वरच्या ओळीत जाऊन बसायची, कारण त्यांचे वडील तिथे बसायचे. खालून नुसती धावणारी डोकी दिसतात, खेळ वरूनच कळतो, असं वडिलांचं मत होतं आणि ताईनं ते वारसाहक्कानं उचललं होतं. डॉक्टरीणबाईंनी जिने बंद करायला सांगितले तेव्हा तिनं त्यांनाच समजावलं. "लिफ्ट होतेय ना आमच्याकडे. तेवढी होईपर्यंत चढते, मग तुमचं सगळं ऐकते." तेव्हापासून लिफ्टची वाट बघत ती एक हात कठड्यावर आणि एक हात मैत्रिणीच्या खांद्यावर ठेवून चढत होती. प्रत्येक मोसमात अर्ध्यावर थांबायची तिची पायरी एकेक खाली येत होती.

तर या ताईनं एका मध्यंतरात उभं राहून, छातीवर हात ठेवून, भावाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करत त्याच्याबरोबर म्हटलं, "लवकरच." तिची ओळ हसली. पुढच्या सामन्याला ओळ म्हणाली आणि गॅलरी हसली. त्याच्या पुढच्या सामन्याला अख्खं मैदान छातीवर हात ठेवून नोटीस म्हणू लागलं, "नम्र विनंती"पासून "दिलगीर आहे"पर्यंत, सुरात. पाहुण्या संघाचे लोक त्यासाठी मध्यंतरात चहाला न जाता जागेवर थांबू लागले.

"लोकांना कशाला चिथावतेस?" भोंग्यानं घरी जाऊन तिला विचारलं.

"मी कुठे चिथावते? पाठ झालंय ते म्हणते. शिकवलंस तूच."

"मला मान वर करता येत नाही, ताई."

"मग वाचू नकोस."

"मी नाही वाचलं तर दुसरा कुणी वाचेल."

"दुसऱ्याला हसण्यात आम्हाला काय मजा?" असं म्हणून तिनं गुडघ्याला तेल चोळायला घेतलं, आणि विषय तिच्या बाजूनं संपला.

त्याच्या बाजूनं तो संपत नव्हता. एकदा मैदानावर कुणाची तरी लहान मुलगी हरवली. त्यानं लाल स्वेटरचं वर्णन करून सांगितलं, की मुलगी सुखरूप आहे, आईवडिलांनी येऊन घेऊन जावं. तर गॅलरीतून आवाज आला, "लवकरच." हशा पिकला. त्या हशात आईवडिलांना काही ऐकूच गेलं नाही आणि पोरगी रडत बसली. मग हे लोण डेपोत पोचलं. त्यानं गाडीला वीस मिनिटं उशीर असल्याचं सांगितलं, तेव्हा एक प्रवासी खिडकीशी येऊन शांतपणे म्हणाला, "वीस मिनिटं म्हणजे डेपोची का स्टेडियमची?" भोंग्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या माणसाचा राग नव्हता. त्याच्या जागी आपणही हेच विचारलं असतं, याचा राग होता.

म्हणून त्या दिवशी सामन्याआधी तो तडक सेक्रेटरीसाहेबांच्या खोलीत गेला. खोलीत नव्या स्टेडियमची काचेच्या पेटीतली प्रतिकृती होती. पेटीवर फायली, फायलींवर छत्री आणि छत्रीवर साहेबांचा डबा. क्लबाचा सगळा कारभार साहेबच बघत. बोलायला माणूस मोठा गोड, पण ताकास तूर लागू देईल तर शपथ.

"साहेब, आज मी ती नोटीस वाचणार नाही."

"का हो? घसा बरा नाही?"

"घसा बराय. लोक हसतात."

"अहो, हसतात म्हणजे ऐकतात."

"स्टेडियम होणार आहे का नाही, एवढं सांगा. मी कुणाला बोलणार नाही."

"प्रक्रिया चालू आहे."

"चालू आहे म्हणजे?"

"म्हणजे थांबलेली नाही," साहेब म्हणाले आणि स्वतःच्या उत्तरावर जरा खूशही झाले.

भोंग्यानं विषय बदलला. "निदान पूर्व गॅलरीच्या छपराचं बघा. पाना कधीपासून कानीकपाळी ओरडतोय." पाना म्हणजे मैदानाच्या दुरुस्त्या बघणारा मिस्त्री. वर्षानुवर्षं तो ते छप्पर तारा बांधून आणि लाकडी टेकू लावून उभं ठेवत होता.

"जी गॅलरी पाडायचीच आहे, तिच्या छपरावर खर्च करायचा? लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या डोक्यावरच आहे ते, साहेब."

साहेबांनी समजूतदारपणे मान हलवली. मग नोटिशीचा कागद पुढे ओढला, पेन काढलं, थोडा विचार केला आणि 'लवकरच'च्या आधी एक शब्द घातला. "हे घ्या. आता लोकांना पटेल."

कागदावर लिहिलं होतं, 'अतिशय लवकरच'. भोंगा तो कागद घेऊन बाहेर आला. चिडायलाही थोडा हुरूप लागतो, तेवढासुद्धा त्याच्यात उरला नव्हता.

त्याची काचेची खोली पश्चिम गॅलरीच्या माथ्यावर होती, पूर्व गॅलरीच्या बरोबर समोर. सामना सुरू झाला तसा वाराही सुटला. कोपऱ्यातली निशाणं ताठ झाली, उंच मारलेला चेंडू वाऱ्यानं परत फिरायला लागला. समोर सगळ्यात वरच्या ओळीत ताई डोक्याला रुमाल बांधून पंचाला सल्ले देत होती. वाऱ्यामुळे ते त्याच्यापर्यंत पोचत नव्हते, हे पंचाचं नशीब.

मध्यंतराची शिट्टी झाली आणि पूर्व गॅलरीत लोक जागेवरून उठायच्या ऐवजी सावरून बसले. नोटिशीची वेळ झाली होती. भोंग्यानं कागद समोर घेतला, तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला. पाना होता.

"भोंगाभाऊ, पूर्वेच्या छपराखाली आहे मी. छप्पर तोलणारी लोखंडी कैची भिंतीवरून सरकलीय. टेकू वाकलाय. गॅलरी रिकामी करायला सांग."

"पडेल?"

"आत्ता पडेल का तासानं, मला नाही सांगता यायचं. पण माणसांना घाबरवू नकोस. जिना एकच आहे आणि तो हा एवढासा. पळापळ झाली तर छपराआधी जिन्यातच लोक मरतील. शांतपणे सांग."

भोंग्यानं समोर बघितलं. ताईच्या डोक्यावरचा पत्रा वाऱ्यानं उचलला जात होता आणि खाली आपटत होता. जिन्याच्या तोंडापर्यंत तिला किती पायऱ्या उतरायच्या आहेत आणि त्या ती कशा उतरते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आवाज पडू द्यायचा नव्हता. त्यानं बटण दाबलं.

"पूर्व गॅलरीतल्या प्रेक्षकांना नम्र विनंती..."

पुढचं त्याला बोलताच आलं नाही. "नम्र विनंती" हे दोन शब्द कानावर पडल्याबरोबर सगळं मैदान उठलं, छातीवर हात गेले आणि हजारो गळ्यांनी नोटीस म्हणायला सुरुवात केली. पुनर्विकासाचं काम, लवकरच, दिलगीर आहे. संपल्यावर स्वतःसाठीच टाळ्या वाजवल्या. सगळ्यात वर ताई बँडमास्तरसारखा हात हलवून सूर धरून देत होती.

"ही ती नोटीस नाही," भोंगा म्हणाला. "कृपया आपापल्या जागा सोडून सावकाश मैदानात उतरा."

यावर आधीपेक्षा मोठा हशा झाला. भोंग्यानं आज नवीन काहीतरी बसवून आणलंय असं लोकांना वाटलं. कुणीतरी ओरडलं, "कधी? लवकरच का?" खाली चार स्वयंसेवक हातवारे करत होते आणि लोक त्यांना बाजूला व्हायला सांगत होते.

"मी गंमत करत नाही. ताई, तू तरी ऊठ."

"ताई ऊठ, ताई ऊठ," गॅलरीनं ठेका धरला. ताईनं उभं राहून चहूबाजूंना नमस्कार केला आणि पुन्हा बसली.

वॉकीटॉकी परत खरखरला. "अरे, काय करतोयस? टेकूचा आवाज यायला लागलाय."

त्या क्षणी भोंग्याला जो राग आला तसा आयुष्यात आला नव्हता. लोकांचा आला, ताईचा आला, साहेबांचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. एवढी वर्षं जपलेला शब्द आपण दर मध्यंतरात थोडा थोडा विकत आलो, आणि आज गरज पडली तर पदरात काही शिल्लक नाही. छप्पर पडतंय असं ओरडावं तर जिन्यात चेंगराचेंगरी, आणि हळू बोलावं तर हशा. त्यांना हसणं थांबवून ऐकायला लावील असं काहीतरी हवं होतं, आणि तसं एकच वाक्य होतं. ते खरं आहे की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलेलं माइकवरून बोलायचं नाही हा त्याचा नियम होता. त्यानं कागद चुरगळला, माइक तोंडाजवळ घेतला.

"नवीन स्टेडियम होणार नाही."

आवाज घुमून परत आला.

"मला ठाऊक आहे. काही होणार नाहीये. लवकर नाही, उशिरा नाही. रद्द झालंय ते."

मैदान असं गप्प झालं की निशाणांची फडफड ऐकू यायला लागली. भोंग्याला वाटलं होतं लोक शिव्या देतील, निदान 'आम्हाला माहीतच होतं' असं तरी कुणी म्हणेल. कुणी काही म्हणालं नाही. ठेका धरायला उचललेले हात तसेच राहिले होते. पहिल्या ओळीतला एक म्हातारा टोपी काढून ती बघत बसला. तेव्हा कुठे भोंग्याला कळलं, की ही सगळी माणसं नोटिशीला हसत होती आणि हसत हसत वाट बघत होती. नुसती थट्टा असती तर इतकी पाठ झाली नसती.

त्या शांततेत तो डेपोच्या आवाजात बोलायला लागला. "आता नीट ऐका. छप्पर सरकलंय. वेळ आहे, सगळे उतराल. खालच्या ओळींनी आधी निघायचं. जिन्यात ढकलाढकली नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना धरा. सामान राहू द्या, नंतर मिळेल."

आणि लोक उठले. एकही शब्द न बोलता, ओळीमागून ओळ, ती एवढी मोठी गॅलरी मैदानात उतरली. वरची ओळ शेवटी निघाली. ताई एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरत होती, तिच्या मैत्रिणी तिच्या पुढेमागे, आणि भोंगा काचेला नाक लावून प्रत्येक पायरी तिच्याबरोबर उतरत होता. तिचा पाय गवताला लागला तेव्हा त्यानं काचेवरून नाक काढलं.

थोड्या वेळानं छपराचा उत्तरेकडचा भाग आधी लवला आणि मग मोठा कण्हल्यासारखा आवाज करत वरच्या ओळींवर बसला. धूळ उडाली. लोकांनी मान वळवून बघितलं आणि पुन्हा एकमेकांकडे वळले. मरणाच्या दाढेतून आलेली ती माणसं छपराबद्दल चकार शब्द काढत नव्हती. ती म्हणत होती, रद्द झालं म्हणे.

भोंग्याला एकदम हलकं वाटलं. आता त्यांना सांगून टाकू, तो मनात म्हणाला. मघाशी जे बोललो ते तुम्हाला उठवायला बोललो. मला काहीएक माहिती नाही, रद्दबिद्द काही झालेलं नाही. लोक चिडतील, मग हसतील, ताई घरी गेल्यावर डोकं खाईल, पण सगळं होतं तसं होईल. त्यानं घसा खाकरला आणि बटणावर बोट ठेवलं.

तेवढ्यात दार उघडून सेक्रेटरीसाहेब आत आले. जिना धावत चढल्यामुळे त्यांना धाप लागली होती आणि चेहरा पांढराफटक पडला होता. भोंग्याला वाटलं, आता वाजतगाजत हाकलणार. काय वाट्टेल ते बोललात, क्लबाची बदनामी केलीत, असं काहीसं ऐकायची त्यानं तयारी केली.

साहेबांनी आधी दार लावलं. मग हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

भोंग्याचं बोट बटणावरच होतं.

"बैठकीत आम्ही मोजकी माणसं होतो. बाहेर बोलायचं नाही असं ठरलं होतं. मोसम संपल्यावर रीतसर सांगणारच होतो." साहेबांनी रुमालानं मान पुसली. "कोणी फोडलं, एवढंच सांगा."

"आणि आज ते 'अतिशय' लिहून दिलंत," भोंगा म्हणाला.

"मोसमाची तिकिटं विकायची असतात हो," साहेब म्हणाले, आणि त्या क्षणी ते पहिल्यांदाच खरं बोलले असावेत.

भोंग्यानं बटणावरचं बोट उचललं. तो साहेबांना वळसा घालून जिना उतरला आणि मैदानात आला. लोकांनी त्याला वाट दिली. कुणी आभार मानले नाहीत, कुणी काही विचारलंही नाही. सगळे त्याच्या तोंडाकडे तेवढे बघत होते.

ताई गोलाच्या खांबाला टेकून उभी होती. रुमाल सुटून गळ्यात आला होता. तो जवळ आल्यावर तिनं त्याच्या बाहीला धरलं.

"थापा मारल्यास ना? आम्हाला उठवायला?"

त्यानं तिच्या रुमालावरची धूळ झटकली.

"अरे, बोल की. ओळखते मी तुला. तुला काही ठाऊक असतं तर तू मला आधी सांगितलं असतंस."

"मला ठाऊक नव्हतं, ताई. बोललो तेव्हा खरंच नव्हतं."

"आणि आता?"

त्यानं मान फिरवली. कुंपणावरच्या चित्रातली निळी कुटुंबं फुगे घेऊन त्या दोघांकडे बघत होती. ताईनं पूर्व गॅलरीकडे नजर टाकली, वडिलांच्या जागेवर पडलेल्या पत्र्याकडे. दुखऱ्या गुडघ्यावरचा भार तिनं दुसऱ्या पायावर घेतला. मग ती त्याच्या बाहीची चुणी अंगठ्यानं सरळ करत राहिली, गणवेश शिवून झाल्यावर करायची तशी.

"वर जा," ती म्हणाली, "आणि ती नोटीस शेवटची एकदा वाच."

"ताई."

"वाच रे. कुणी हसणार नाही."